मास्तरला मारू नकोस, कोर्टात उभा कर

डिचोलीहून एका तरुण लेखिकेचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "आमच्या गुप्तहेर मालिकेचं तिसरं पर्व शेवटचं, असं वाहिनीने कळवलंय. आठ भाग मिळतील. आमचा मास्तर म्हणजे पूर्वी शाळेत गणित शिकवणारा, आता म्हापशाच्या बाजारात औषधांच्या दुकानावरच्या खोलीत बसणारा खासगी गुप्तहेर. त्याचा जोडीदार मोटरसायकल पायलट, म्हणजे मागे बसवून भाड्याने माणसं पोचवणारा. पहिल्याच भागात मास्तरचा धाकटा भाऊ रायबंदरहून फेरीबोटीत चढतो आणि चोडणला उतरतच नाही. तो धागा दोन पर्वं लोंबकळतोय. वाहिनीला शेवटच्या भागात मास्तर शापोराच्या किल्ल्यावर गोळी लागून मेलेला हवाय. शिवाय मुख्य नटाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. शेवट कसा करावा?"

बाय, तू गुडघा सगळ्यात शेवटी लिहिलास. मी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती.

मुंबईत बावीस वर्षं काढली. आधी एडिटिंगच्या टेबलावर, मग लेखनात. आता सहा वर्षं म्हार्दोळला घरी आहे. तेवढ्या काळात तीन गुप्तहेर मालिकांची शेवटची पर्वं मी जवळून पाहिली, त्यातलं एक स्वतः लिहिलं. शेवटच्या पर्वाची कथा आधी डॉक्टर लिहितो, मग हिशेबनीस, मग कॅलेंडर. लेखकाचा नंबर त्यानंतर लागतो, हे कुठल्या कार्यशाळेत सांगत नाहीत. (पुढे काही मालिकांचे शेवट उघड करणार आहे. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी इथेच थांबावं.)

'द रॉकफर्ड फाइल्स' ही अमेरिकन गुप्तहेर मालिका घे. १९७४ ला सुरू झाली. जेम्स गार्नर दर भागात मार खायचा, धावायचा, कुंपणावरून उड्या मारायचा आणि त्यातलं पुष्कळ स्वतःच करायचा. गुडघे गेले, पाठ गेली, वर अल्सर. सहाव्या पर्वाच्या मध्यावर डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि बारा भागांवर, जानेवारी १९८० मध्ये, मालिका थांबली ती थांबलीच. शेवटचा भाग असा नाहीच. जो शेवटी दाखवला गेला तो शेवट म्हणून लिहिलेला नव्हता. रॉकफर्ड पुन्हा दिसला तो १९९४ पासून, दूरचित्रवाणीवरच्या चित्रपटांतून. तुला निदान आठ भाग आहेत आणि गुडघ्याची बातमी आधी कळली आहे. ही चैन समज.

आता गुडघ्याचं करायचं काय? दोन मार्ग. एक म्हणजे लपवायचा. मास्तर सतत टेबलामागे, पाठमोऱ्या धावण्याला डमी, कॅमेरा कमरेच्या वर. प्रेक्षकाला हे तिसऱ्या मिनिटाला कळतं. दुसरा मार्ग म्हणजे गुडघाच कथेत घ्यायचा. त्यासाठी ग्रॅनडा या ब्रिटिश कंपनीच्या शेरलॉक होम्स मालिकेचं शेवटचं पर्व बघ, १९९४ चं. सहा भाग आहेत. मी ते अभ्यास म्हणून इतक्यांदा पाहिलंय की बायको म्हणते, त्या माणसाला आता मरू द्या.

जेरेमी ब्रेटने १९८४ पासून होम्स केला होता. शेवटच्या पर्वापर्यंत हृदय थकलेलं, मनाचा आजार होताच, औषधांनी अंगावर सूज. पहिल्या पर्वातला तो सडसडीत, खुर्चीच्या पाठीवरून उडी मारणारा माणूस आणि हा, दोघे एकाच कोटात बसेनात. 'माझारिन स्टोन' या भागाच्या वेळी तर तो काम करण्याच्या स्थितीतच नव्हता. निर्मात्यांनी काय केलं? होम्सचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट, म्हणजे चार्ल्स ग्रे, त्याला पुढे केलं आणि तपास त्याच्या हाती दिला. त्याच पर्वात 'गोल्डन पिन्स-ने'च्या वेळी वॉटसन करणारा एडवर्ड हार्डविक दुसऱ्या चित्रपटात अडकला होता, तेव्हा तिथेही मायक्रॉफ्टच. म्हणजे एकच पात्र दोन भगदाडांवर ठिगळ. ठिगळ दिसतं, नाही असं नाही. 'माझारिन स्टोन' फार बरा भाग नाही, दोन कथा एकत्र कोंबल्या आहेत आणि शिवण उसवलेली आहे. पण जिथे ब्रेट आहे तिथे त्यांनी त्याचा थकवा पुसला नाही. श्वास ऐकू येतो. तो बसतो तेव्हा बसल्याचं कळतं. आधीच्या पर्वांत तो खोलीभर फिरायचा आणि कॅमेरा त्याच्यामागे धावायचा, इथे कॅमेरा त्याच्याजवळ जाऊन थांबतो. एडिटर म्हणून सांगतो, असा शॉट कापायला हात धजावत नाही.

सगळ्यात शेवटी दाखवला तो भाग 'कार्डबोर्ड बॉक्स'. एका बाईला पोस्टाने पुठ्ठ्याचा डबा येतो, आत मिठात घातलेले दोन मानवी कान. मूळ कथा १८९३ ची, म्हणजे कॉनन डॉयलच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. होम्सच्या शेवटाशी तिचा काही संबंध नाही. पण त्या कथेच्या अखेरीस होम्स विचारतो, या दुःखाच्या, हिंसेच्या आणि भीतीच्या फेऱ्याला अर्थ काय, वॉटसन? दहा वर्षं उत्तरं देणारा माणूस मालिकेच्या अखेरीला प्रश्न विचारून थांबतो. नवं काही लिहायला लागलं नाही. फडताळात होतं ते योग्य दिवशी काढलं. पुढच्याच वर्षी ब्रेट गेला.

माझ्यावरही असा प्रसंग आला होता. नव्वदीच्या शेवटी, एक साप्ताहिक गुप्तहेर मालिका. वाहिनीचं नाव नको. गुरुवारी फोन आला की चार भागांत आटपा. त्यात मुख्य नटाच्या तारखा दोनच, कारण त्याने दुसरीकडे सही केलेली. मी एक अख्खा भाग असा लिहिला की गुप्तहेर तापाने फणफणून आतल्या खोलीत आहे, दार लोटलेलं, दारापुढे त्याच्या चपला. बाहेर सहाय्यिका अशिलांना भेटते, आत जाऊन विचारून येते. आवाज आम्ही अर्ध्या तासात डब करून घेतला. शूटिंगभर ती चपलांची जोडी एका शॉटमध्ये उजवी-डावी, दुसऱ्यात डावी-उजवी अशी उलटत राहिली आणि कंटिन्युइटीच्या पोराने माझ्या शिव्या खाल्ल्या. पण तो भाग लोकांना आवडला. का आवडला हे मला पुष्कळ नंतर समजलं. दाराबाहेरची ती मुलगी दर फेरीला थोडं थोडं स्वतःच्या मनाचं सांगू लागते आणि शेवटच्या फेरीला आत जातच नाही. नट असता तर हे मला सुचलंच नसतं.

तेव्हा मास्तरचा गुडघा राहू दे. काठी दे, औषधांच्या दुकानामागचा तो अरुंद जिना त्याला कष्टाने चढू दे. आठ भागांत तो जिना निदान तीनदा वापर. आणि शापोरा सोड. त्या चढावर धडधाकट पर्यटकांना धाप लागते, नुकत्याच ऑपरेशन झालेल्या माणसाला तिथे नेशील तर प्रॉडक्शनवाला तुझ्या नावाने बोटं मोडेल.

आता मारण्याचं. वाहिन्यांना शेवट म्हटला की मढं लागतं, कारण प्रोमो कापायला सोपा. पण गुप्तहेराला मारणं हा जोखमीचा धंदा आहे. 'मॅग्नम, पी. आय.'चं सातवं पर्व १९८७ मध्ये संपलं ते मॅग्नमला गोळ्या लागून. तो ढगांत चालत जातो, सगळ्यांचा निरोप घेतो. मालिका तिथेच संपणार असा सगळ्यांचा समज. मग आठवं पर्व मंजूर झालं! मग काय, ढगांतून उतरवला, कोमातून उठवला आणि आणखी तेरा भाग केले. १९८८ मधल्या खऱ्या शेवटात त्याला नौदलात परत पाठवला. तो शेवट वाईट नाही, पण एकदा रडून झालेला माणूस दुसऱ्यांदा रडत नाही. तुझ्या वाहिनीने आज 'शेवटचं' म्हटलंय. उद्या मोबाइलवर बघणारे वाढले तर तेच लोक तुला फोन करून म्हणतील, मास्तरचा जुळा भाऊ दाखवता येईल का.

पॉयरो मेला, आणि नीट मेला. पण त्याची गोष्ट निराळी. अगाथा ख्रिस्तीने त्याचा मृत्यू दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवला होता, ते पुस्तक, 'कर्टन', आलं १९७५ मध्ये. डेव्हिड सुशेच्या मालिकेला १९८९ पासूनच ठाऊक होतं की रस्ता कुठे संपतो. सत्तर भाग झाले आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये 'कर्टन' दाखवला. तुला घ्यायचं ते मात्र मृत्यूमधून नको, चित्रीकरणाच्या क्रमातून घे. शेवटच्या पाच भागांत 'कर्टन' आधी चित्रित केला. मग बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी 'डेड मॅन्स फॉली', तोही ख्रिस्तीच्या स्वतःच्या ग्रीनवे या घरी. का, तर सुशेला शेवटच्या दिवशी पॉयरो मेलेला नको होता, चालता-बोलता हवा होता. पंचवीस वर्षांचं काम करणाऱ्या माणसाची ही मागणी निर्मात्यांनी मानली. त्याचा उपयोग पडद्यावरही झाला. मरणाचा भाग दमलेल्या युनिटने उरकलेला वाटत नाही.

तूही आठवा भाग आधी कर. तुझी कारणं साधी आहेत. गुडघा आत्ता खरोखर दुखतोय, तीन महिन्यांनी नट बरा होईल आणि लंगडण्याचा अभिनय करू लागेल, तो बघवत नाही. दुसरं म्हणजे तुझी फेरीबोट. जूनच्या आत नदीचं काम उरकलं नाहीस तर पुढे मांडवीचं पाणी गढूळ, आभाळ दर दहा मिनिटांनी वेगळं, पहिल्या भागाच्या शॉटशी काही म्हणजे काही जुळणार नाही.

परवान्याचं एक मध्येच सांगून टाकतो, कारण तुझ्या आराखड्यात पाचव्या भागात 'मास्तरचा परवाना रद्द होतो' असं आहे. ते काढ. रॉकफर्डचा परवाना कॅलिफोर्निया राज्याचा, त्यामुळे पोलीस त्याला तशी धमकी देऊ शकत. आपल्याकडे खासगी गुप्तहेरांसाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, त्याचा कायदा काही झाला नाही. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्यांना परवाना लागतो, गुप्तहेराला नाही. मास्तरकडे जे नाहीच ते काढून कसं घेणार?

आता भाऊ. खरा प्रश्न हाच आहे, आणि तू तो मधल्या एका वाक्यात गुंडाळलास.

गुप्तहेर मालिकेला स्वतःचा असा शेवट नसतो. दर भागाला एक खून सुटतो, पुढल्या आठवड्याला दुसरा. ती अनंत काळ चालू शकते, घाण्यासारखी. शेवट द्यायचा तर गुप्तहेराच्या घरचं एखादं खातं उघडं असावं लागतं. 'मंक'मध्ये ते बायकोच्या खुनाचं होतं. आठ पर्वं, १२५ भाग, आणि २००९ च्या शेवटच्या भागात उलगडा. आणि पुरावा कुठे, तर बायकोने दिलेल्या नाताळच्या भेटीत, जी त्याने बारा वर्षं उघडलीच नव्हती. घरातच होती. याच्या उलट 'मूनलायटिंग'. 'अन्सेल्मो प्रकरण' हा त्यांचा चालता विनोद, सतत उल्लेख, कधी तपशील नाही. १९८९ च्या शेवटच्या भागात सेट डोळ्यांदेखत उचलून नेतायत, दोघं गुप्तहेर स्टुडिओभर धावतायत आणि अखेरीला पडद्यावर पाटी: अन्सेल्मो प्रकरण कधीच सुटलं नाही. मला ती पाटी फार आवडते. पण ती चालते कारण अन्सेल्मोसाठी कोणी रडलेलं नाही. तुझ्या पहिल्या भागात आई धक्क्यावर उभी आहे. तिथे पाटी लावलीस तर लोक सोडणार नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण म्हणशील तर 'ब्योमकेश बक्षी'. दूरदर्शनवर १९९३ आणि मग १९९७. रजित कपूर, के. के. रैना, आणि सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी. बासू चटर्जींनी त्याला मारला नाही की कुठला मोठा धमाका केला नाही. तो लग्न करतो, संसार करतो, आणि मालिका एका दिवशी दिसेनाशी होते. मूळ लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय १९७० मध्ये गेले तेव्हा शेवटची ब्योमकेश-कथा अर्धवटच राहिली होती. संसारी गुप्तहेराला तसा शेवट शोभतो. तुझा मास्तर मात्र संसारी नाही. तो भावाला शोधण्यासाठी शाळा सोडून गुप्तहेर झाला, असं तूच पहिल्या पर्वात म्हणून बसली आहेस.

माझा सल्ला: भाऊ बोटीतून गेला 'कसा' ते सोडव. आता तो 'कुठे' आहे ते सोडवू नकोस. प्रेक्षकाला 'कसा'चं देणं असतं, तो हिशेब चुकता करावाच लागतो. 'कुठे' मात्र मास्तरचं खासगी आहे.

यासाठी मी तुझा पहिला भाग पुन्हा लावून पाहिला. धक्क्यावर रॅम्प टेकते तो शॉट चौदा सेकंदांचा आहे. मास्तर आणि आई पायी उतरणाऱ्यांकडे बघतायत, कारण भाऊ पायी चढला होता. पायी माणसाला फेरीबोटीत तिकीट नाही, म्हणून तो चढल्याचा कागदी पुरावाही नाही. हे तू छान वापरलंस. पण मी वाहनांकडे बघत होतो. दोन स्कूटर, एक टेम्पो, आणि चौथी पिवळ्या मडगार्डची पायलटची मोटरसायकल. चालवणाऱ्याचं तोंड टेम्पोआड जातं. मागे एकजण बसलाय, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट घालून. मी शॉट थांबवून थांबवून पाहिला. सबंध बोटीत मागे बसून हेल्मेट घातलेला तो एकटाच. तू त्याला लिहिलं नसशील. गर्दीतला कोणीतरी असेल, स्वतःचं हेल्मेट कुठे ठेवावं हे न कळून डोक्यात घालून बसलेला.

बाय, तो तुझा भाऊ आहे.

आणि मोटरसायकल चालवणारा आपला पायलट. दोन पर्वं मास्तरला मागे बसवून गोवाभर फिरवणारा, त्याच्या डब्यातली उसळ खाणारा, दर भागात 'मास्तर, उतरा, पोचलो' म्हणणारा तोच तो माणूस. त्या दिवशी धाकट्याने त्याला शपथ घातली होती आणि तो गप्प राहिला. मास्तरकडे तो नोकरीला लागला तो योगायोगाने लागलेला नाही, हे आपोआप येतं. पहिल्या पर्वात तो मास्तरकडून भाडं घेत नाही असा तुझा एक विनोदी प्रसंग आहे ना? तो आता विनोदी राहत नाही. नवा खलनायक आणायची गरज संपली. किल्ल्यावरची गोळीही आपोआप गेली.

हे सातव्या भागात फोड. आठवा कोर्टात.

तुझ्या आराखड्यातल्या मुख्य खटल्याकडे येतो. लोटलीच्या बंगल्यातली म्हातारी भाटकारीण, म्हणजे जमीनदारीण, सगळी मालमत्ता नर्सच्या नावे करते आणि मुलगे तिचा खून करतात. हे इंग्लंडात चालेल, गोव्यात नाही. आपल्याकडे मुलांचा अर्धा हिस्सा कायद्यानेच राखलेला आहे, मृत्युपत्राने द्यायला मोकळा तो उरलेला अर्धा. शिवाय लग्नाबरोबर बहुतेकांची मालमत्ता दोघांची होते, म्हणजे म्हातारीच्या हातात मुळात निम्मीच. 'सगळं नर्सला' हे वाक्य कुठलाही गोंयकार वकील, किंबहुना कुठलाही गोंयकार मुलगा, हसून सोडून देईल. खुनाचं कारण तिथेच कोसळतं. तू इथली असून हे लिहिलंस म्हणजे पुस्तकं जास्त वाचलीस आणि घरातली भांडणं कमी ऐकलीस!

त्याच्याऐवजी इन्व्हेंटरी घे. माणूस गेल्यावर कोर्टात वाटपाची जी कारवाई होते ती. म्हार्दोळात मी एकदा शेजाऱ्यांबरोबर बसलो होतो, त्यांना कोणी वाचता-लिहिता माणूस हवा होता म्हणून. कुटुंबातला जो कारभारी तो शपथेवर सांगतो की कोण कधी वारलं, मृत्युपत्र आहे की नाही, वारस कोण कोण, त्यांची लग्नं झालीत का, त्यांचे पत्ते. मग मालमत्तेची यादी. घर, भाट, शेत, आणि खाली खाली जात कपाट, पितळी समया, देवघरातली चांदी. वाटणी जमली नाही तर वारस आपापसात बोली लावतात. मी तिथे दोन सख्ख्या बहिणींना एका शिसवी पलंगावरून बोली चढवताना पाहिलं. दोघींच्याही घरात तो मावला नसता.

गुप्तहेराला याहून चांगला कागद कोण देणार? घरात काय होतं याची शपथेवरची यादी. यादीत जे नाही तोच पुरावा.

आता हे मास्तरच्या घरी आण. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्वाच्या मधल्या काळात आई वारली असं धर. वारस दोन, मास्तर आणि धाकटा. म्हापशाबाहेरचं जुनं घर, आणि ते घ्यायला टपलेला बाहेरचा एक बिल्डर. बिल्डरला साफ कागद हवेत, त्यासाठी धाकटा मेलेला हवा. सात वर्षं कोणाला ठावठिकाणा नसेल तर माणूस मृत मानता येतो, पण तेवढं थांबायची बिल्डरची तयारी नाही. तुझ्या कथेत सहा झालीत. म्हणून पहिल्या भागापासून मास्तरच्या टेबलावर एकेक पुरावा येऊ लागतो. एक घड्याळ. परराज्यातल्या सरकारी दवाखान्याचा दाखला. पाहिलं म्हणणारा एक माणूस. दोन पर्वं दुसऱ्यांचे खोटे पुरावे फाडणाऱ्या मास्तरला पहिल्या दिवशीच कळतं की हे बनावट आहेत. आणि तरी तो फाडत नाही. सहा भाग तो ते ड्रॉवरमध्ये ठेवतो. दमलाय, गुडघा ठणकतोय, पैसा हवाय, आणि भाऊ मेला असं एकदा मान्य केलं तर शोधणं संपेल. हा मोह खरा वाटायला हवा. मधल्या भागांचे छोटे खटले तुझे तू भर, ते तुला चांगले जमतात. पण दर भागात तो ड्रॉवर एकदा उघडू दे.

आठव्या भागातला प्रसंग मी असा पाहतो. कोर्टाची खोली लहान, पंख्याचा आवाज, खिडकीबाहेर कोणीतरी झेरॉक्सवाल्याशी भांडतंय. क्लार्क निवांतपणे टाइप करतोय. वारस क्रमांक एक, नाव, वय, अविवाहित, पत्ता. मास्तर सांगतो. वारस क्रमांक दोन. नाव. वय, इथे मास्तर मनात बेरीज करतो, गणिताचा मास्तर असून अडखळतो. पत्ता? क्लार्क मान वर करत नाही. "पत्ता सांगा, पुढे जायचंय." मागच्या बाकावर पायलट बसलाय, आदल्या रात्री त्याने सगळं कबूल केलेलं आहे. बिल्डरचा वकील दाखल्याची फाइल पुढे सरकवतो. ज्या माणसाने दोन पर्वं सगळ्या गोव्याचे पत्ते शोधून दिले, त्याच्यापुढे एक रकाना आहे.

तो काय सांगतो ते तू लिही. मी दोन-तीन वाक्यं मनात जुळवली होती, पण ती माझ्या वयाची आहेत. एवढंच बघ की तो 'मयत' म्हणत नाही. आणि पार्श्वसंगीत लावू नकोस, पंखा पुरे.

वाहिनी म्हणेल, यात थरार कुठाय, कोर्टाच्या क्लार्कवर मालिका संपवतात का? त्यांना हेल्मेटचा शॉट दाखव. पहिल्या भागातला चौदा सेकंदांचा तुकडा जसाच्या तसा, मग हेल्मेटवर थांबलेलं चित्र, आणि वर एक ओळ, की तो तुमच्या डोळ्यांसमोरून गेला होता. प्रोमो तयार झाला, खर्च शून्य. हिशेबनीस तुझ्या बाजूने आला की अर्धी लढाई जिंकलीस. आणि मास्तर जिवंत आहे, म्हणजे चौथ्या पर्वाचं दार बंद केलेलं नाही, हेही हळूच कानावर घाल. मॅग्नमचं उदाहरण तिथे उपयोगी पडेल.

लिहायला बसण्याआधी एक कंटाळवाणं काम कर. दोन्ही पर्वांचे सगळे भाग वही घेऊन बघ. मी ते केलं नव्हतं. माझ्या त्या मालिकेच्या शेवटच्या भागात गुन्हेगार ज्या पत्रावरून पकडला जातो ते पत्र नवव्या भागात मीच जाळलं होतं. चॅनलमधल्या कोणाच्या लक्षात आलं नाही, दिग्दर्शकाच्या नाही, माझ्या नाही. पंधरा दिवसांनी साखळीच्या एका आजीबाईंचं पोस्टकार्ड आलं, वळणदार अक्षरात एकच ओळ: ते पत्र तर चुलीत गेलं होतं ना?

म्हणून सांगतो. रॅम्पच्या त्या शॉटमध्ये मोटरसायकलच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे दिसतात आणि दुसऱ्या पर्वातल्या पायलटच्या गाडीशी ते जुळत नाहीत. ती गाडी त्याने त्यानंतर लगेच विकली, असं एक वाक्य सहाव्या भागाच्या आत कुठेतरी, चहा पिता पिता, त्याच्याच तोंडी टाक. मास्तरने मात्र त्या वेळी मान वर करून बघायला हवं.